गणवेशाचा हिशेब

मे महिना संपत आला की आमच्या गल्लीत घरोघरी एकच विषय असतो, शाळेची खरेदी. वह्या-पुस्तकांबद्दल कोणी फारशी कुरकुर करत नाही. दप्तर मागच्या वर्षीचे चालते. गाडी अडते ती गणवेशापाशी. २०२५ च्या जूनमध्ये माझ्या नातवाच्या शाळेचे बिल मी सहज चाळले. (पस्तीस वर्षे वर्गाच्या फीची वही सांभाळलेली बाई बिल बघितल्याशिवाय कशी राहील?) रोजचे दोन जोड, खेळाच्या तासाचा एक, हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट, टाय, पट्टा, मोज्यांचे तीन जोड, काळे बूट आणि पांढरे बूट. एकूण सहा हजार दोनशे चाळीस रुपये. आणि मुलगा दुसरीत!

मुलाने बिल भरले. त्याला परवडते. पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे हे बिल बरोबर वीस दिवसांची मजुरी! शाळेने ठरवलेल्या दुकानाखेरीज हे कपडे कुठे मिळत नाहीत, आणि शाळा सोडली तर ते कुठे घालताही येत नाहीत.

मी इतिहास आणि मराठी घेऊन बी.ए. झाले, पुढे जन्मभर हेच दोन विषय शिकवले. त्यामुळे कोणतीही गोष्ट खटकली की ती सुरू कुठून झाली हे पाहायची खोड लागली आहे. गणवेश मुळात गरीब मुलांच्या सोयीसाठी आला असे आपण सगळेच म्हणतो. मग तो गरिबालाच जड कसा झाला? याचा थोडा हिशेब आज मांडते.

सुरुवात लंडनची आहे. १५५२ साली तिथे ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची संस्था निघाली. नावात हॉस्पिटल असले तरी तो दवाखाना नव्हे. बापाविना वाढणाऱ्या आणि गरीब मुलांना आसरा आणि शिक्षण देण्याची ती जागा. त्या मुलांना लांब निळा डगला, कमरेला पट्टा आणि पिवळे पायमोजे दिले जात. निळाच रंग का, तर तो रंग स्वस्त होता आणि नोकरचाकर, उमेदवारी करणारी पोरे तोच वापरत. पुढे इंग्लंडात अशा अनेक धर्मादाय शाळा निघाल्या आणि 'निळ्या डगल्यांच्या शाळा' म्हणूनच ओळखल्या गेल्या. शाळेच्या गणवेशाची ही सर्वांत जुनी उदाहरणे. श्रीमंतांच्या शाळांनी एकसारखे कपडे आणले ते फार नंतर, एकोणिसाव्या शतकात.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तो डगला मुलाच्या घरच्यांनी विकत घ्यायचा नव्हता. तो संस्था द्यायची. ती शाळा आजही आहे, आजही तोच निळा डगला आहे, आणि आजही तो मुलांना विनामूल्य मिळतो! म्हणजे गणवेशाचा मूळ अर्थ 'तुला कपडे नाहीत ना, हे घे' असा होता. 'हे कपडे घेऊन ये, नाहीतर वर्गाबाहेर उभा राहा' हा अर्थ पुढे चिकटला.

आता आपल्याकडे येऊ. मी १९५८ साली पहिलीत गेले तेव्हा आमच्या गावच्या शाळेत गणवेश नव्हताच. मुलगे सदरा, चड्डी आणि टोपी घालून येत. आम्ही मुली परकर-पोलक्यात. गुरुजी नखे आणि कान तपासत, कपडे कोणते ते विचारत नसत. गणवेश भेटला तो हायस्कुलात. मुलग्यांना पांढरा सदरा आणि खाकी हाफपँट, मुलींना पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट. आमच्या तालुक्यात तेव्हा चार हायस्कुले होती आणि चारही ठिकाणी हाच पोशाख. कुठला मुलगा कुठल्या शाळेचा हे कपड्यावरून ओळखूच यायचे नाही.

खाकीची कथाही मोठी गमतीची आहे. फारसीत खाक म्हणजे माती, धूळ. पेशावरकडे १८४६ साली इंग्रजांनी गाइड्स नावाची पलटण उभी केली. तिथल्या धुळीत मिसळून जाईल असा मातकट रंग त्या पलटणीने घेतला आणि हळूहळू साऱ्या फौजेत पसरला. पुढे पोलीस, पोस्टमन, शिपाई, ड्रायव्हर असे करत खाकी गावोगावी आली. त्यामुळे खाकी ड्रिल कोणत्याही कापडाच्या दुकानात, अगदी आठवड्याच्या बाजारातही मिळायचे. आमच्या शेजारी एक पोस्टमन राहत. त्यांच्या जुन्या पँटी गुडघ्यापासून कापून त्यांच्या दोन्ही मुलांच्या शाळेच्या चड्ड्या होत. बापाचा सरकारी गणवेश आणि मुलाचा शाळेचा गणवेश एकाच कापडाचा! त्या घरात चड्डीवर सहसा पैसा खर्च झाला नसेल.

याला सरकारी धोरणाचाही हातभार होता, तो आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. १९६४ च्या ऑक्टोबरपासून सरकारने गिरण्यांवर ठराविक जाडेभरडे कापड ठरलेल्या भावात विणण्याचे बंधन घातले. त्यात पाच प्रकार होते: धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल. शेवटची नावे पुन्हा वाचा. पांढऱ्या सदऱ्याचे कापड आणि खाकी चड्डीचे कापड! मराठी शाळांनी जो गणवेश धरला होता तो जवळजवळ पूर्णपणे या यादीत बसत होता. लोक त्याला 'कंट्रोलचे कापड' म्हणत. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक. मे महिन्यात ते खरेदी-विक्री संघाच्या दुकानात रांग लावून हे कापड आणत. कापडाच्या काठावर भाव छापलेला असे, त्यामुळे घासाघीस नाही की फसवणूक नाही. दिसायला ते काही देखणे नव्हते. पहिल्या धुण्यात आटायचे, म्हणून आई आधी रात्रभर भिजत घालून वाळवायची आणि मगच शिंप्याकडे द्यायची.

शिंप्याला एकच सूचना असे, 'वाढत्या अंगाचे शिवा.' आमच्या पिढीला हे दोन शब्द पुरे! खाली चार बोटे दुमड, कमरेला दोन्ही बाजूंना शिलाईत कापड जास्त सोडलेले. दरवर्षी एक दुमड उसवायची. उसवलेल्या जागी गडद पट्टा दिसायचा, त्यावरून कपडा किती वर्षांचा ते कोणालाही मोजता यायचे. दादाची चड्डी मधल्या भावाला, त्याची धाकट्याला, आणि शेवटी तिच्या पिशव्या. दादा हे वाचत असेल तर त्याला आठवेल, दिवाळीलाही आम्हाला नवा गणवेशच शिवत. सणाचा कपडा आणि शाळेचा कपडा असे दोन खर्च घराला झेपत नसत. लग्नकार्यालाही मुले पांढरा सदरा आणि खाकी चड्डी घालून जात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

म्हणजे त्या वेळचा गणवेश स्वस्त का होता, तर तो कोणत्याही एका शाळेचा नव्हता. तो सगळ्यांचा होता.

मी १९७५ साली शिक्षिका झाले ती शिराळा-पाटणच्या डोंगरपट्ट्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी. या भागातली अर्धी घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत. कोणाचा बाप, कोणाचा मामा गिरणीत. मे महिन्यात किंवा गणपतीला गावी येताना ही माणसे गिरणीतून मिळालेले कापड बरोबर आणत. माझ्या वर्गातले कितीतरी पांढरे सदरे असे थेट परळ-लालबागहून आलेले असत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला तो दिसला वर्गाच्या दारातून. त्या जूनमध्ये मामा आले ते रिकाम्या हाताने, आणि परत गेलेच नाहीत. मनीऑर्डर नाही आणि कापडही नाही. प्रार्थनेच्या वेळी गणवेश नसलेल्यांची वेगळी रांग करायची आमच्या शाळेत पद्धत होती. त्या वर्षी पहिल्याच दिवशी ती रांग मूळ रांगेपेक्षा लांब झाली.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी रोज दहा मिनिटे उशिरा यायची. आमची पाचवी ते सातवी सकाळी भरे आणि आठवी ते दहावी दुपारी. चौकशी केल्यावर कळले की दोघी बहिणींत मिळून एकच स्कर्ट आणि एकच ब्लाउज होता. धाकटी सकाळची शाळा सुटली की धावत शाळेजवळच्या आत्याच्या घरी जायची, तिथे थोरली वाट बघत बसलेली असायची. धाकटीच्या घामाने ओला झालेला ब्लाउज घालून ही वर्गात यायची. मी तिच्या नावापुढे उशिराची खूण करणे बंद केले. हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते, तिनेही कधी सांगितले नाही. पण ती दहावी झाली, पुढे नर्सिंगला गेली.

आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्या वर्षी दोन गोष्टी केल्या. एक, गणवेशाची वेगळी रांग बंद केली. दुसरी, कार्यालयातली एक पत्र्याची पेटी रिकामी करून घेतली. दहावी झालेल्या आणि अंगात कपडे न मावणाऱ्या मुलांनी जुना गणवेश धुऊन त्या पेटीत ठेवायचा. गावातला एक शिंपी मे महिन्यात आठवडाभर येऊन काजे-बटणे, रफू, उसवणे-आवळणे करून द्यायचा. त्याची मजुरी आम्ही शिक्षक मिळून देत असू. सुरुवातीला कोणी पेटीकडे फिरकेना. दुसऱ्याचे उतरलेले कपडे कोण घेणार? तेव्हा सरांनी पहिल्यांदा स्वतःच्या मुलाला पेटीतली चड्डी घालून शाळेत आणले. मग आम्हीही आपापल्या मुलांना घातले. शिक्षकांचीच मुले घालतात म्हटल्यावर संकोच गेला. चौदा वर्षे ती पेटी चालली. तिच्यामुळे किती मुले शाळेत टिकली याची नोंद कुठे नाही, पण रिकामी पेटी मी कधी पाहिली नाही.

याच काळात कापडाचे जग बदलत होते. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरण्यांवरचे कंट्रोलच्या कापडाचे बंधन काढले, ते काम हातमागाकडे गेले. धाग्यावरचे कर उतरले आणि टेरिकॉट स्वस्त झाले. त्याला मी नावे ठेवणार नाही. टेरिकॉटचा सदरा आटत नसे, इस्त्री मागत नसे, दोन वर्षे सहज टिके. पावसाळ्यात रात्री धुतलेला कपडा सकाळी वाळलेला मिळणे म्हणजे काय सुख, ते एकाच गणवेशावर वर्ष काढणाऱ्या घरातल्या आईला विचारा. तेव्हा कापडामुळे गणवेश महाग झाला असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. कापड उलट सोयीचे झाले.

महाग झाले ते वेगळेपण. नव्वदीच्या दशकात तालुक्याच्या गावांतून इंग्रजी शाळा निघाल्या. त्यांची मुले टाय लावून रिक्षात बसू लागली आणि आमच्यासारख्या जुन्या शाळांच्या संचालकांना आपली मुले 'गावठी' दिसू लागली. १९९६ साली आमच्या शाळेत ठराव आला: चौकड्याचा शर्ट, राखाडी पँट, मुलींना त्याच चौकड्याचा पंजाबी ड्रेस, आणि कापड शहरातल्या एकाच दुकानातून. मी आणि आणखी दोघांनी सभेत विरोध केला, तो इतिवृत्तात नोंदवायलाही लावला. ठराव मंजूर झाला. त्या जूनमध्ये पेटीत साठाच्या वर कपडे होते, धुतलेले, घड्या घातलेले. एका दिवसात त्या सगळ्या चिंध्या झाल्या! तीन वर्षांनी चौकडीचा रंग पुन्हा बदलला, तेव्हा थोरल्याचा शर्ट धाकट्याला देण्याची वाटही बंद झाली.

माझा एक विद्यार्थी इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात आहे. त्याने मला यातले गणित समजावून सांगितले. पांढरे किंवा खाकी कापड मागावर सतत चालू असते, त्याला गिऱ्हाईक कोणीही. पण एका शाळेची ठराविक चौकडी विणायची तर सूत आधी रंगवावे लागते, माग खास त्यासाठी लावावा लागतो, आणि थोडे कापड विणून भागत नाही. दुकानदाराला एकाच शाळेसाठी सगळ्या मापांचा माल भरून ठेवावा लागतो. उरला तर दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. शाळेने रंग बदलला तर सगळा माल बुडीत. हा सगळा धोका तो किमतीत धरतो. वर शाळेला काही 'देणे' असेल तर तेही त्यातच. "बाई, पालक कापडाचे पैसे देत नाहीत, चौकडीचे देतात," असे तो म्हणाला. माझ्या सगळ्या वाचनातून जे मला एका वाक्यात सांगता आले नसते ते त्याने सांगितले.

सरकारी शाळांची कथा वेगळी, पण धडा तोच. सर्व शिक्षा अभियानात पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना दोन गणवेशांसाठी ४०० रुपये मिळत. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि हे ६०० झाले. म्हणजे एका जोडाला शिलाईसकट ३०० रुपये, २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी! पण रकमेपेक्षा मला यादी जास्त खटकायची. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलग्यांपैकी एकाला गणवेश मिळणार आणि दुसऱ्याला नाही. जो कपडा जात आणि गरिबी झाकायला आणला, तोच कोणाची जात काय आणि कोणाचे रेशनकार्ड कसले हे वर्गाला सांगू लागला. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी लोकवर्गणी काढून, वेळेला खिशातून पैसे घालून उरलेल्या मुलांना गणवेश दिले. २०२३ साली राज्य सरकारने या उरलेल्या मुलांनाही योजनेत घेतले, ते फार चांगले झाले.

पद्धतीचे प्रयोगही झाले. २०१७-१८ साली पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यावर द्यायचे ठरले. खाते उघडायलाच पाचशे रुपये लागत असतील तर चारशे रुपये घ्यायला कोण जाईल, असे पालक विचारू लागले. पुढे ही पद्धत मागे पडली. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आले. आकाशी आणि गडद निळा असा एक जोड, दुसरा स्काउट-गाइडचा. कापडाची खरेदी राज्य पातळीवर आणि शिलाई महिला बचत गटांकडून. ऐकल्यावर मला आनंद झाला होता, कारण पुन्हा सगळ्यांचा एकच पोशाख! पण १५ ऑगस्ट उलटला तरी अनेक शाळांत कपडे पोहोचले नाहीत, आणि आले ते कितीतरी मुलांच्या मापाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली.

मला वाटते, इथे इतिहास उपयोगी पडतो. आमच्या वेळची खाकीही सगळ्यांची एकच होती, पण ती कोणी मुंबईहून शिवून पाठवत नव्हते. कापड एकसारखे, पण दुकान आपल्या गावचे, माप मुलाच्या अंगावर घेतलेले आणि शिंपी ओळखीचा, वेळेला उधारी ठेवणारा. स्वस्त गणवेशाला या दोन्ही गोष्टी लागतात. खाजगी शाळांनी पहिली मोडली, सरकारने २०२४ मध्ये दुसरी.

गणवेश नकोच असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. गणवेश नसेल तर मुलीला रोज वेगळा कपडा कुठून आणायचा ही चिंता गरीब आईलाच जास्त असते. त्या दोघी बहिणींना गणवेश नको नव्हता, त्यांना तो परवडायला हवा होता. ज्या इंग्लंडातून ही चाल आली तिथेही २०२१ साली गणवेशाच्या खर्चासाठी कायदा करावा लागला. शाळेचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा आणि वापरलेले गणवेश पालकांना मिळण्याची सोय करा, असे तिथल्या शाळांना आता सांगितले जाते. म्हणजे शेवटी त्यांचीही गाडी पेटीवरच आली की!

माझ्या वाचकांपैकी बरेच जण आता आजी-आजोबा आहेत, काही शाळांच्या समित्यांवरही आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. पुढच्या सभेत गणवेशाचा विषय निघाला तर तीन प्रश्न विचारा. हे कापड गावातल्या कोणत्याही दुकानात मिळेल का? पुढची पाच वर्षे बदलणार नाही ना? थोरल्याचा कपडा धाकट्याला चालेल का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर रंग कोणता का असेना. शाळेची ओळख दाखवायची हौसच असेल तर खिशाला लावायचा एक बिल्ला पुरतो. कपडा जुना झाला तरी बिल्ला काढून दुसऱ्या कपड्याला लावता येतो, आणि त्याला वाढत्या अंगाचे माप लागत नाही.